सीतादहीला निघालेली इलेक्ट्रिक गाडी

इलेक्ट्रिक गाडी वावरात, म्हणजे शेतात जाते का, असं मला अजून लोक विचारतात. सोनाळ्याच्या बाजारात भाजी घेताना विचारतात, बँकेच्या रांगेत विचारतात, एकदा तर सांत्वनाला गेले होते त्या घरी विचारलं. मी आधी "जाते" म्हणते, मग जरा थांबून "पण नाही जात" म्हणते. समोरच्याला वाटतं, मॅडम काहीतरी लपवून राहिल्या. लपवायला आधी मला कळलं तर पाहिजे ना!

मी शाळेत विज्ञान शिकवते. आमचं गाव सोनाळ्यापासून जवळच, सातपुड्याच्या पायथ्याशी, आणि शाळा दुसऱ्या गावात. घर ते शाळा डांबरी रस्ता आहे, खड्डे धरून. शेत मात्र गावापासून लांब. तिथं जायला पांदण, म्हणजे दोन्हीकडच्या धुऱ्यांमधून, शेतांच्या बांधांमधून जाणारी बैलगाडीची वाट. मधे एक नाला लागतो. पांदणीची माती काळी. कोरडी असली की टणक, आणि ओली झाली की पायातली चप्पल ठेवून घेते.

गाडी घ्यायची ठरली तेव्हा घरात माणसं कमी आणि मतं जास्त निघाली. शेती आमचे हे बघतात. त्यांना जुनी डिझेल जीप हवी होती. "गाडी अशी पाह्यजे, का वावरात गेली पाह्यजे, अन् बिघडली तं पान्ह्यानं ठोकून चालू झाली पाह्यजे." पुण्याचा दीर फोनवर म्हणाला, "वहिनी, हायब्रिड घ्या. पेट्रोल पण, बॅटरी पण. लाइट गेली तरी अडायचं नाही." हे सासूबाईंच्या कानावर गेलं तर त्या म्हणाल्या, "हायब्रीड नको मले घरात. हायब्रीड ज्वारीची भाकर खाऊन पाह्यली मी, चवच नाही तिले." मी दिराला विचारलं, हायब्रिड चिखलात जाते का? तो म्हणाला, ते टायरवर अवलंबून आहे. शोरूमवाला म्हणाला, इलेक्ट्रिक गाडीची चाकं पहिल्याच क्षणी पूर्ण जोर लावतात, इंजिनवाली आधी दम घेते. तालुक्याचा मेकॅनिक म्हणाला, जोर एकदम येतो म्हणूनच चाक जागेवर फिरतं आणि स्वतःचा खड्डा स्वतः खणतं. सगळे खरं बोलत होते, हीच तर पंचाईत होती.

शेवटी मी इलेक्ट्रिक घेतली. पगार माझा, शाळा माझी, छपरावर सोलर बसवलेलं. घरी चार्ज करायची आणि जायचं. वावराचं वावरात पाहू, असं मी ह्यांना म्हटलं. हे दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत आणि तिसऱ्या दिवशी गाडी घेऊन स्वतःच पांदणीत गेले.

कोरड्या दिवसांत गाडीनं आम्हाला खरंच चाट पाडलं. नाल्याचा चढ ती अशी चढायची की डिझेलवाल्यांनी बघत राहावं. उतारावर पाय काढला की आपोआप हळू व्हायची, वर बॅटरीत थोडी भरही पडायची. पण आवाज नाही! एकदा पांदणीच्या मध्यात रोह्यांचा कळप उभा होता. मोटारसायकलचा फटफट आवाज आला की रोही दुरूनच पळतात. आमची गाडी अगदी जवळ जाऊन उभी राहिली तरी त्या नीलगायी आमच्याकडे बघत रवंथ करत होत्या. मला हॉर्न वाजवावा लागला. ह्यांनी कपाळावर हात मारला. म्हणाले, "याच्यापरीस बैल बरे. घुंगरू तरी वाजते."

आमच्या शेजारी एका मुसलमान शेतकऱ्याचं वावर आहे, आम्ही त्यांना चाचा म्हणतो. ते एकदा नाल्याच्या काठावर बैलजोडी घेऊन उभे होते. "मॅडम, ही पाण्यात घातली तं पाण्यात करंट नाही उतरत?" मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. बॅटरी बंद पेटीत असते, पाणी आत जात नाही, वगैरे. त्यांनी मान डोलावली आणि मी नाला पार करेपर्यंत बैल मागे धरून ठेवले. खरं सांगायचं तर पाणी दाराला लागलं तेव्हा माझाही डावा पाय आपोआप वर उचलला गेला. ज्ञान डोक्यात असतं, पायात नसतं.

त्या उन्हाळ्यात सासूबाई अंगणात पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, काठी आली. पावसाळा घरात गेला. आणि मग दिवाळीच्या आधी कापूस फुटला.

इथं सीतादहीबद्दल सांगायला पाहिजे. आमच्याकडे पहिला वेचा, म्हणजे कापसाची पहिली वेचणी, सीतादही केल्याशिवाय सुरू होत नाही. घरातली मोठी बाई सकाळी वावरात जाते. पराटीच्या, म्हणजे कपाशीच्या एका झाडाच्या मुळाशी खडे मांडून हळदकुंकू वाहते, दहीभाताचा नैवेद्य दाखवते, आणि तोच दहीभात वावरात शिंपडते. मग तीच पहिला कापूस वेचते. तिच्यानंतर बाकीच्या बाया कमरेला ओटी, म्हणजे वेचलेला कापूस भरायची झोळी बांधतात. आमच्या घरात हे सगळं सासूबाई करायच्या. मी लग्न होऊन आले तेव्हापासून फक्त वाटी धरून उभी राहिले. भात मी शिजवायचा, दही मी लावायचं, आणि शिंपडायच्या वेळी वाटी त्यांच्या हातात द्यायची. एकदोनदा मी हात पुढे केला तर म्हणाल्या, "तुले नाही जमत." दहीभात शिंपडायला काय लागतं ते मला कधी कळलं नाही. मी नोकरीवाली, मला वावराचं काय कळणार, असंच त्यांना वाटतं, असा मी माझ्यापुरता निकाल लावून टाकला होता. तो मनाला लागायचा. आजही लिहिताना थोडा लागतोच.

आता आदल्या दोन सालांचं. बीटी कपाशी आली तेव्हा सांगत होते, बोंडअळी विसरा. काही वर्षं विसरलोही. मग गुलाबी अळी आली. वरून पराटी हिरवीगार, बोंडं टपोरी, आणि आत अळी. पहिल्या साली अर्धा कापूस कवडी झाला, म्हणजे किडका, चिकटलेला, वेचायला गेलं तर बोटांना टोचणारा. दुसऱ्या साली ह्यांनी डिसेंबरातच उभी पराटी उपटून टाकली. सासूबाई तेव्हा धुऱ्यावर बसून होत्या. घरी आल्यावर जेवल्या नाहीत. आम्हाला वाटलं, उन्हानं असेल.

त्यामुळे यंदाचा वेचा वेळेवर व्हायलाच पाहिजे होता. परतीचा पाऊस एक झोड देऊन गेला होता आणि आभाळ पुन्हा भरत होतं. फुटलेला कापूस भिजला की पिवळा पडतो. वेचणाऱ्या बायांची टोळी आमच्यासाठी थांबली होती, पण त्यांना बाकीची वावरंही होती. टोळीतली मोठी बाई आमच्या सासूबाईंच्या जुन्या ओळखीची. बौद्ध घरातली, पूजेत हात घालत नाही, पण सीतादही झाल्याशिवाय ओटी बांधत नाही. शिरस्ता म्हणजे शिरस्ता. ती दारात येऊन म्हणाली, "आजी, येता का नाही? नायतं आमी दुसरीकडं लागतो."

सासूबाई म्हणाल्या, "येते ना. मले का हौस हाये घरी बसाची?"

आणि मग सुरू झालं. ट्रॅक्टरवर बसत नाही, हाडं खिळखिळी होतात. बैलगाडीत चढता येत नाही. मोटारसायकलवर पाय टाकता येत नाही. हे सगळं खरंच होतं, डॉक्टरांनीही धक्के नको म्हणून सांगितलं होतं. शेवटी त्याच म्हणाल्या, "सूनबाईच्या गाडीत येते. तेवढी सोय कर, मंग येते."

मला फार बरं वाटलं. इतक्या वर्षांत माझ्या एखाद्या वस्तूवर त्यांनी भरवसा ठेवला होता. पण दुसऱ्या दिवशी मी निघू म्हटलं तर त्यांनी विचारलं, "चार्जिंग किती हाये?" मी सांगितलं. "चिखलात जास्त खर्च होते म्हणतेत." होते, मी म्हटलं, पण जाऊन येण्यापुरती आहे. त्याच्या दुसऱ्या दिवशी, "तिचं पोट खाली हाये. बॅटरीच्या पेटीले दगड लागला तं?" मी म्हटलं, दगड पाहून चालवीन. मग, "टायर गुळगुळीत हायेत तुये. काळ्या मातीत फिरतीन जागच्या जागी." हे त्यांना कोणी सांगितलं देव जाणे. मला वाटतं, येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाकडून त्या माझ्या गाडीची माहिती काढत होत्या. शोरूमवाल्याला माहीत नसतील इतक्या खोडी त्यांना पाठ झाल्या होत्या.

मी पार गोंधळले. यांना माझ्या गाडीची काळजी आहे, की माझ्या चालवण्यावर विश्वास नाही, की गाडीच नावडती आहे? मी विचारलं, "आई, तुम्हाला यायचं आहे ना?" त्या चिडल्या. "काऊन वं, असं काऊन इचारते? नाही यायचं असतं तं इतकं इचारलं असतं का?" आमच्या ह्यांना विचारलं तर हे म्हणाले, "तुया गाडीचा प्रश्न हाये, तू पाह्य." मी एका रात्री पांदणीचा विचार करत जागी, हे गाढ झोपेत.

रविवारी आभाळ जरा उघडलं. मी सकाळीच दहीभात वाटीत भरला, गाडी दारात आणली, मागची सीट उशा लावून मऊ केली आणि म्हटलं, "चला." सासूबाईंनी आभाळ पाहिलं, गाडी पाहिली, चाकं पाहिली. मग बसल्या. वाटी मांडीवर घेतली, वर पदर झाकला. हे पुढे मोटारसायकलवर निघाले, वाट पाहत, हातानं इशारे करत.

नाल्यात पाणी होतं. गाडी सरळ पार झाली, जराही अडखळली नाही. मी आरशातून मागे बघितलं. सासूबाईंनी वाटी छातीशी धरली होती. "पाह्यलं का आई?" मी म्हटलं. मला इतका आनंद झाला होता की शिट्टी वाजवावीशी वाटली. त्या म्हणाल्या, "गेली वं बापा." आवाजात आनंद नव्हता. मला वाटलं, घाबरल्या असतील.

नाल्यापलीकडे पांदण ओली होती. चाचांच्या धुऱ्यापाशी मी जरा वेग कमी केला आणि तिथंच चुकलं. इंजिनवाली गाडी फसायला लागली की आवाजावरून कळतं, ती घोगरी होते, ओरडते. हिचा आवाजच नाही. मला वाटत होतं आपण पुढे जातोय आणि बाजूची बाभूळ तर तिथंच होती. पाय दाबला. चाकं फिरली, काळा चिखल काचेवर आला, गाडीचं पोट जमिनीला टेकलं. उतरून पाहिलं तर चाकांच्या वरच्या पोकळीत माती अशी ठासून भरली होती की चाकं दिसतच नव्हती. आमचं वावर समोर होतं. पांढरा कापूस दिसत होता, टोळी धुऱ्यावर बसलेली दिसत होती. तेवढं अंतर धडधाकट माणसाला काहीच नाही. त्या चिखलातून काठी टेकत जाणं सासूबाईंना शक्य नव्हतं.

हे आले, गाडीभोवती एक फेरी मारली, "जीप पाह्यजे होती" एवढं बोलले आणि चाचांचे बैल आणायला गेले. मला रडू यायला लागलं होतं, पण ह्यांच्यासमोर रडायचं नाही म्हणून मी काडीनं माती उकरत बसले.

तेवढ्यात टोळीतली एक तरुण बाई पळत आली. तिच्या हातात मुळासकट उपटलेली एक पराटी होती, बोंडांसकट, दोन फुटलेली, बाकी हिरवी. तिचा चेहरा कसा खुलला होता! म्हणाली, "आजी, तुमी कायले येता? मीच घेऊन आली. इथंच करा सीतादही."

सासूबाईंनी त्या पराटीकडे बघितलं आणि अशा मागे सरकल्या की मी दचकले. "उपटलेली? उपटलेल्या पराटीची पूजा करता वं? घेऊन जाय ते! घेऊन जाय!" ती पोर बिचारी पराटी घेऊन तशीच परत गेली. मी दार उघडून त्यांच्याशेजारी बसले. वाटीतला दहीभात हलत होता.

"आई, बैल येताहेत. गाडी निघेल. आपण जाऊ," मी म्हटलं.

"नको नेऊ मले," त्या म्हणाल्या.

मला काही कळेना. मी म्हटलं, "पण तुम्हीच तर..."

"मले वाटलं, तुयी गाडी या पांदणीत येनारच नाही. सारे म्हनत व्हते ना, नाही चालत. नाल्यातच अडकन म्हनलं. तं तू नाला पार केला." मग त्या माझ्याकडे न बघता बोलायला लागल्या. "पह्यल्या साली मी सीतादही केली, अळी पडली. दुसऱ्या साली मी उपास धरून केली, तरी पडली. हिरवं बोंड फोडलं का आत अळी, दुसरं फोडलं का अळी. माया हातचं काही खरं नाही राह्यलं वं आता. मी शिंपलं का वावर जाते."

मी शिक्षिका. मी म्हटलं, "आई, अळी काय तुमच्या हातानं पडली?"

त्यांनी आता माझ्याकडे बघितलं. "मंग कोनाच्या?"

मी वर्गात शिकवते ते सगळं माझ्या जिभेवर आलं. एकच पीक वर्षानुवर्षं, अळीत आलेली प्रतिकारशक्ती, लांबलेला हंगाम. मग आठवलं, बियाणं विकणारा म्हणतो फवारणी चुकली, फवारणीवाला म्हणतो बियाणं खराब, कृषी खातं म्हणतं कापूस लवकर उपटायला हवा होता, गावात म्हणतात आभाळ बिघडलं. प्रत्येकाकडे दुसऱ्याचं नाव होतं. स्वतःचं नाव घेणारी बाई माझ्याशेजारी मांडीवर वाटी घेऊन बसली होती. त्या क्षणी मला विज्ञानाची आणि माझी दोघांचीही लाज वाटली.

"मग मला द्यायची होती ना वाटी," मी म्हटलं. "इतकी वर्षं मला हात लावू दिला नाही. मला वाटायचं मी तुम्हाला कमी वाटते."

"आधी तं म्हनो, मी हाये तवर मीच करीन. घमेंड व्हती मले," त्या म्हणाल्या. "आता याच्यासाठी नाही दिली, का तुया हातानं केलं अन् तरी अळी पडली, तं लोक तुले म्हनतीन. मास्तरीन आली अन् वावर बुडालं. मायं काय, मी म्हातारी. तुले अजून इथं राहाचं हाये."

चाचांचे बैल धुऱ्यावर दिसायला लागले होते. तिकडे टोळीतली मोठी बाई उभी राहून हातानं विचारत होती, काय करायचं? माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी ते पुसत नव्हते. मी हात पुढे केला.

"द्या," मी म्हटलं. "म्हणू देत लोक मला."

त्यांनी खूप वेळ वाटी सोडली नाही. मग सोडली.

मी चपला गाडीतच ठेवल्या आणि अनवाणी गेले. चिखल घोट्यापर्यंत. वावरात पोचले तर आधी काय करायचं तेच आठवेना; इतकी वर्षं बघूनही आठवेना. खडे किती मांडायचे, दहीभात आधी कुठल्या बाजूला? मी टोळीतल्या बाईकडे बघितलं, ती म्हणाली, "मले काय माहीत मॅडम, तुमी करा." मी केलं. चुकलं असेल. शेवटी चार बोंडांचा कापूस वेचला, कपाळाला लावला, आणि मागे बायांनी ओट्या बांधल्या. समोर हिरवी बोंडं होती, भरपूर, हाताशी. मी त्यांतल्या एकाला धरलं आणि सोडून दिलं.

परत आले तेव्हा गाडी बैलांनी ओढून पक्क्या जागेवर आणली होती. चाचा बैलांना पाणी पाजत होते, हे चाकांतली माती काढत होते. सासूबाई मागच्या सीटवर तशाच बसलेल्या. मी रिकामी वाटी त्यांच्या हातात दिली.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं."

"हिरवं बोंड फोडून पाह्यलं का?"

मी मान हलवली. "नाही आई. हिंमत नाही झाली."

त्यांनी सरकून मला बसायला जागा केली. म्हणाल्या, "मी बी नसतं पाह्यलं."